विहिरीचा सिनेमा कुठल्या पानावर?

गेल्या रविवारी तुम्ही दोघं फोनवर भांडत होतात, ते मी सगळं ऐकलं. धाकटीने फोन टेबलावर उताणा ठेवला होता, त्यामुळे मला तुमच्या छताचा एक कोपरा तेवढा दिसत होता. पण ऐकू नीट येत होतं. एकेका अक्षराचा एकच सिनेमा निवडायचा, 'ए'पासून 'झेड'पर्यंत. 'एम'ला तुमची मारामारी झाली आणि 'एक्स'ला दोघंही गप्प बसलात. मग थोरल्याने फोन उचलून विचारलं, "आजी, तुला सुचतो का एखादा?"

मला सुचला नाही. पण त्या गप्प बसण्याची माझी जुनी ओळख आहे. हा खेळ आपणच शोधून काढला अशी तुमची समजूत दिसते. तुमच्या जन्माच्या चाळीस वर्षं आधी आम्ही तो पिंपरीत खेळत होतो, दर शनिवारी, वर्षभर, आणि लेखी. त्याची वही माझ्या कपाटात दुसऱ्या कप्प्यात डावीकडे असते. आत्ता ती समोर उघडी आहे.

दोन गोष्टी आधीच सांगते. सिनेमांची नावं मी लिहिणार नाही. लिहिली तर तुम्ही ती लगेच शोधून काढाल आणि कोण जिंकायला हवं होतं ते मला कळवाल. तो निकाल लागून गेलेला आहे. माणसांची नावंही लिहिणार नाही, कारण त्यातल्या दोघांची नातवंडं अजून आपल्याच भागात राहतात आणि भाजी घेताना मला भेटतात.

तेव्हा आमचं लग्न नुकतंच झालं होतं. तुमचे आजोबा औषधांच्या नव्या कारखान्यात केमिस्ट होते आणि मी तिथल्याच ऑफिसात फायली लावायचं काम करत होते. कॉलनी इतकी नवी होती की झाडांपेक्षा झाडांभोवतीची कुंपणंच उंच होती. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झाले होते आणि मला शेगडी पेटवता येत नव्हती. पहिल्या आठवड्यात आमच्या क्वार्टरमधून इतका धूर निघाला की शेजारच्या वहिनी पाण्याची बादली घेऊनच आत आल्या. कुठे काही जळत नाही असं बघून त्यांनी बादली खाली ठेवली, माझ्या हातातला पुठ्ठा काढून घेतला आणि म्हणाल्या, "ताई, वारा खालनं घालायचा. वरनं न्हाई."

या वहिनी चाकणच्या. त्यांचे यजमान कारखान्यात बॉयलरवर होते. माहेरी कांद्याची शेती, भावाचा कांद्याचा ट्रक. शेगडी, भाकरी, शेणाची जमीन नसलेल्या घरात मुंग्या कशा आवरायच्या, हे सगळं मला त्यांनी शिकवलं. त्या बदल्यात मी त्यांना काय शिकवलं ते मला अजून आठवत नाही.

खेळ सुरू झाला तो आमच्या व्हरांड्यात, भाऊजींच्या एका वाक्यावरून. भाऊजी म्हणजे प्रयोगशाळेत आजोबांच्या हाताखाली काम करणारे रत्नागिरीचे गृहस्थ, तेव्हा बिनलग्नाचे. शनिवारी अर्धा दिवस काम, रविवारी सुट्टी. सुट्टीच्या सकाळी ते स्टेशन गाठत आणि पुण्याला जाऊन एक सिनेमा पाहत. कधी कधी दोन. एकदा चहा पिताना ते म्हणाले, "कुठलंही अक्षर सांगा. त्या अक्षराचा सर्वांत उत्तम सिनेमा मी सांगतो."

"कोणी ठरवलं उत्तम?" आजोबांनी विचारलं.

"मी."

ते मला पटलं नाही. कॉलेजात मी वादविवाद मंडळाची चिटणीस होते. सोमवारी ऑफिसातली एक बाद झालेली वही हेडक्लार्कना विचारून घरी आणली. तिच्या कडेला अक्षरांच्या पायऱ्या कापलेल्या होत्या, पण त्या इंग्रजी सव्वीस. मी खळ करून आपल्या वर्णमालेच्या पट्ट्या चिकटवल्या, 'अ'पासून 'ज्ञ'पर्यंत, एकही न गाळता. भाऊजी बघून हसले.

"सेक्रेटरीबाई, हा 'ण' कशाला? आणि हा 'ळ'? 'ळ'चा सिनेमा अजून जन्माला यायचाय."

"वर्णमाला म्हणजे वर्णमाला," मी म्हटलं.

पहिल्या पानावर मी नियम लिहिले. एका शनिवारी एक अक्षर. सिनेमा हिंदी किंवा मराठी. नावाच्या पहिल्या अक्षरावरून पान ठरणार. सिनेमा सुचवणाऱ्याशिवाय तो पाहिलेला आणखी एक जण हवा. हात वर करायचा तो सिनेमा पाहिलेल्यांनीच. झालेलं पान पुन्हा उघडायचं नाही. शेवटचा नियम होता की आवाज चढवायचा नाही, आणि तो 'अ'च्याच शनिवारी मोडला.

खेळणारे आम्ही पाच. आम्ही दोघं, भाऊजी, वहिनी आणि कंपनीच्या गॅरेजातले मेकॅनिक चाचा. चाचा मूळचे खेडचे. कंपनीत लागण्याआधी त्यांनी तंबूच्या सिनेमात बरीच वर्षं इंजिन आणि मशीन सांभाळलं होतं. त्यामुळे सिनेमे त्यांनी भाऊजींपेक्षाही जास्त पाहिले होते, पण एका बाजूने.

"गाणं लागलं की मी बाहेर इंजिनला तेल घालायला जायचो," ते सांगत. "गाण्यांचं मला विचारू नका, भाभी. मारामारीचं विचारा."

आजोबांचा हात कायम वादात असे, कारण त्यांना मध्यंतरानंतर झोप लागायची. भाऊजी त्यांची उलटतपासणी घेत. 'क'च्या शनिवारी आजोबांनी एका सिनेमासाठी हात वर केला तेव्हा भाऊजींनी विचारलं, "नायक शेवटी काय होतो?"

"सुखी होतो," आजोबा म्हणाले.

"फासावर जातो!"

"मी होतो तोवर सुखी होता."

त्यांचं मत मी बाद केलं. नवरा म्हणून सवलत दिली नाही, हे वहीत दिसतंच.

आणि वहिनी. वहिनी दर शनिवारी पदराखाली भाजलेल्या शेंगा घेऊन यायच्या, सतरंजीच्या कडेला बसायच्या आणि सगळं ऐकायच्या. त्यांनी जन्मात एकच सिनेमा पाहिला होता. लग्नाआधी, चाकणला बाजाराच्या मैदानात लागणाऱ्या तंबूत. त्याचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं. नाव कधी दाखवलंच नाही, त्या म्हणायच्या. गावात सगळे त्याला विहिरीचा सिनेमा म्हणत. तेव्हा प्रत्येक अक्षराला त्या एकच प्रश्न विचारायच्या, "ह्यात विहीर हाय का?" नसली की शेंगा सोलायच्या. आमचे हात वर जायचे, खाली यायचे, मी आकडे लिहायची, आणि त्यांचे हात टरफलांत.

मग 'ग'चा शनिवार आला. भाऊजींनी त्यांचा लाडका सिनेमा मांडला, तीनदा पाहिलेला. डोंगरावरचा बंगला, बंगल्यात एकटी मुलगी, मिशीवाला नायक खालच्या रस्त्यावरून व्हायोलिन वाजवत जातो, ती खिडकी उघडते. भाऊजी हातवारे करून सांगत होते आणि वहिनींच्या हातातली शेंग तशीच राहिली. मुलगी तापाने फणफणते इथवर गोष्ट आली आणि वहिनी गुडघ्यावर उठल्या.

"ह्योच! ताई, ह्योच माझा शिनेमा!" आणि त्यांनी हात वर केला. थेट, कोपरापर्यंत बांगड्या घसरतील इतका.

मी विचारलं, "मग पुढे काय होतं?" सगळ्यांनाच विचारत असे.

"पुढं ती गावाकडं येती. सासरची माणसं तिला विहिरीवर पानी भरू देत न्हाईत. मग ती सोताची विहीर खणती. आन पानी लागलं की पयली घागर देवाला न्हाई, नवऱ्याला न्हाई, सोताच्या डोक्यावर वतती!"

भाऊजींनी कपाळाला हात लावला. "अहो वहिनी, तिचं डॉक्टरशी लग्न होतं. विहीर कुठून आली? त्या बंगल्यात नळ आहे नळ!"

"विहीर आहे एका सिनेमात," चाचा म्हणाले. "मी चालवलाय. पण तो 'स'चा. आणि त्यातली पोरगी कुंभाराची. बंगला-बिंगला नाही त्यात."

"कुंभाराची न्हाई. बंगल्यातली."

"मग वहिनी, असा सिनेमाच नाही," भाऊजी म्हणाले. "स्वप्नात पाहिला असाल."

सगळे हसले. मीही हसले, हे लिहून ठेवते. आणि मग नियमाप्रमाणे मी म्हटलं, "वहिनी, तुमचा हात धरता येणार नाही." त्यांचा धरून मी आधीच चार हात लिहिले होते, ते खोडून तीन केले.

वहिनींनी हात खाली घेतला. शेंगांची पुरचुंडी उचलून त्या सतरंजीवरून उठल्या आणि जाऊन व्हरांड्याच्या पायरीवर बसल्या. "माझा शिनेमा हाय," त्या म्हणाल्या. "मी बघितलाय. आता हात वर करीन त्यो विहिरीसाठीच. न्हाईतर तुमची वही संपली की माझं बी हितं येणं संपलं."

आणि त्या शब्दाला जागल्या. दर शनिवारी आल्या, शेंगाही आणल्या, पण सतरंजीवर बसल्या नाहीत. 'घ'पासून 'स'पर्यंत पायरीवर. सकाळी शेगडी पेटवताना माझ्याशी नीट बोलायच्या, अगदी पूर्वीसारख्या, पण वहीचा विषय निघाला की उठायच्या. वही 'ज्ञ'कडे सरकत होती आणि मला रोज वाटायचं, ही वही संपली की या बाईचं आणि माझं काहीतरी कायमचं संपणार. पण सिनेमा सापडल्याशिवाय मी त्याला पान कुठलं देणार?

मध्ये पावसाळा गेला. तंबूचा सिनेमा पावसात बंद असतो; दिवाळीनंतर पुन्हा गावोगाव फिरायला लागतो. आम्ही 'श'वर होतो तेव्हा वहिनींच्या भावाने कांदा पुण्याला पोचवून येताना निरोप दिला, तंबू आलाय, तोच मालक, बाजारच्या दिवशी विहिरीचा लावणार.

वहिनी पायरीवरूनच म्हणाल्या, "चला. पाचीच्या पाची. न्हाई निघाली विहीर, तर भावजींच्या बादल्या मी भरीन वर्षभर. निघाली, तर नळावर माझी घागर पयली."

याचा अर्थ सांगायला हवा. कॉलनीचा नळ सकाळी तासभर यायचा. भाऊजींची बादली रोज वहिनींच्या घागरीच्या पुढे लागायची, कितीही उशिरा आले तरी. "मला ऑफिस आहे" असं ते म्हणत. नळापाशी रांगेत उभ्या असलेल्या बाईलाही दिवसभर काहीतरी काम असतं, हे त्यांच्या डोक्यात आलेलं नव्हतं.

'ष'च्या शनिवारी दुपारी, नाशिकच्या रस्त्याला फाटा फुटतो तिथून आम्ही रिकाम्या ट्रकच्या हौद्यात चढलो. भोसरी, मोशी, इंद्रायणीचा पूल, आणि सगळीकडे कांद्याचं उडणारं साल. चाकणला उतरलो तेव्हा भाऊजींच्या केसांत इतकं साल होतं की वहिनींच्या आईने त्यांना आधी झाडलं आणि मग घरात घेतलं.

दिवेलागणीला खेळ. तंबूत मधोमध एक दोर बांधलेला, अलीकडे बाया, पलीकडे पुरुष, खाली घोंगड्या. बाहेर इंजिनाची धडधड. ते थकलं की पडद्यावरची माणसंही सावकाश चालायची. मी आणि वहिनी दोराला लागून बसलो, पलीकडे आपले तिघे. नाव दाखवणारी पहिली पट्टी केव्हाच तुटून गेली होती. सिनेमा एकदम एका घोड्यावरूनच सुरू झाला. आणि मग डोंगर, बंगला, मिशी, व्हायोलिन.

दोरावरून भाऊजींचं डोकं आलं. "हा तर आपला 'ग'चा! सेक्रेटरीबाई, झालं की! पान आधीच भरलंय!"

"गप ऱ्हावा, भावजी," वहिनी पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "विहीर यायचीय."

पोरगी तापाने फणफणली. डॉक्टर पेटी घेऊन जिना चढू लागला, आणि मध्यंतर झालं.

आता जे सांगते ते मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे. तंबूचा मालक हातात गॅसबत्ती घेऊन पडद्यासमोर आला. कर्णा तोंडाला लावला आणि म्हणाला, "मायबापहो, बाईंना विषमज्वर झाला होता. त्यात चेहऱ्यात फरक पडलाय. हवापालटासाठी गावाकडं आणलंय. नवऱ्यानं मिशी काढलीय. कुणी घाबरू नये."

सगळा तंबू एका सुरात ओरडला, "न्हाई घाबरत! लाव!"

आणि पडदा उजळला तेव्हा एक वेगळीच बाई, कपाळावर घाम, हातात कुदळ, जमीन खणत होती. नायक तोच, पण खरोखर बिनमिशीचा.

दोराच्या पलीकडून चाचांचा आवाज आला, "या अल्ला, ही तर कुंभाराची पोर!"

"खाली बसा, चाचा!" मागून चार जणांनी दटावलं. "दरवर्षी एक जण उठतोच," माझ्या शेजारची म्हातारी मला म्हणाली. "नवा असतो."

चाचा उठलेच. मशीनवाला त्यांचा जुना जोडीदार निघाला. मागच्या बाजूला जाऊन ते सगळं विचारून आले आणि दोरावरून त्यांनी मला कुजबुजत सांगितलं. काही वर्षांपूर्वी खेडच्या मुक्कामी वादळात तंबू बसला होता. मालकाकडे दोन जुने सिनेमे होते, विकत घेतलेले. एकाची शेवटची रिळं पाण्यात गेली, दुसऱ्याची पहिली. दोघांत नायक एकच. मग मालकाने उरलेलं उरलेल्याला जोडलं आणि मध्ये दोन वाक्यांचा विषमज्वर घातला. तेव्हापासून तालुक्यात हाच सिनेमा सर्वांत जास्त चालतो.

"मग याचं नाव काय?" मी विचारलं.

"विचारलं मी. मालक म्हणतो, नाव दोघांचंही गेलं वादळात."

मी वहिनींकडे पाहिलं. त्यांनी ऐकलं होतं. मला वाटलं त्या खट्टू होतील. त्या पडद्याकडे बघत होत्या, ओठ पुटपुटत होते. पडद्यावर ओल्या मातीतून पाणी वर आलं, बाईने घागर भरली, सगळं गाव तिच्याकडे बघत उभं, आणि तिने ती घागर उचलून स्वतःच्या डोक्यावर ओतली. तंबूतल्या सगळ्या बाया खदाखदा हसल्या. मीही हसले, आणि कशाला ते मला विचारू नका, डोळे पुसले.



भाऊजी बोलले ते पुढच्या शनिवारी, 'स'च्या. तोवर त्यांनी विचार करून ठेवला होता. "सरळ आहे. पहिला अर्धा 'ग'च्या पानावर आहेच. दुसरा अर्धा 'स'च्या पानावर, चाचांच्या सिनेमाबरोबर. वहिनींना दोन्हीकडे अर्धा अर्धा हात."

"अर्धा हात कसा वर करू? कोपरापासून?" पायरीवरून वहिनी म्हणाल्या. "आन माझ्या बाईला मधूनच कापता व्हय? ती बंगल्यातनं आली म्हनून तर खणती. जिनं कंदी घागर उचलली न्हाई तिनं कुदळ उचलली. कुंभाराच्या पोरीला त्याचं काय?"

 मला तर ती गोष्ट दोन्ही मूळ सिनेमांपेक्षा चांगली वाटली, आणि ती दोघा लेखकांपैकी एकानेही लिहिलेली नव्हती.

"विहिरीचा म्हणतात, तर 'व'ला घाला," आजोबांनी सुचवलं.

"'व' झाला. झालेलं पान उघडत नाही," मी म्हटलं आणि माझाच मला राग आला.

वहिनी उठल्या. 'ग'नंतर पहिल्यांदाच सतरंजीपर्यंत आल्या, वाकल्या आणि वहीच्या कडेच्या एका पट्टीवर बोट ठेवलं. "ह्यो कुनाचा हाय?"

तो 'ळ' होता.

"कोणाचाच नाही," भाऊजी म्हणाले. "त्या अक्षराने कशाचंच नाव सुरू होत नाही."

"माझ्या शिनेमाला तरी कुठं नाव हाय?"

मी म्हटलं, ज्या अक्षराचा शनिवार त्याच दिवशी निर्णय. मध्ये 'ह'चा शनिवार होता. 'ह'ला काय जिंकलं ते वहीत आहे, पण मला त्या दिवसाचं काही आठवत नाही. त्या दोन आठवड्यांत मी नियमांचं पान किती वेळा वाचलं असेल! नावाच्या पहिल्या अक्षरावरून पान ठरणार, हे मीच लिहिलं होतं, आणि कॉलेजात मला शिकवलं होतं की चिटणीसाने नियम स्वतःच्या सोयीने वाकवू नये. मी वाकवला असता तर भाऊजी तिथल्या तिथे म्हणाले असते, शेजारणीसाठी वाकवला. आणि खरंच तसंच झालं असतं.

शेवटी चाचांनी सोडवलं. 'ळ'च्या शनिवारी गॅरेजातून तेलकट हातांनीच आले, उभ्याउभ्या म्हणाले, "भाभी, तुमचा कायदा काय म्हणतो? नावाचं पहिलं अक्षर बघा. ज्याला नावच नाही त्याचं कुठलं अक्षर बघणार? कायदा त्याच्याबद्दल गप्प आहे. आणि 'ळ'बद्दल नावं गप्प आहेत. दोन गप्प बसणाऱ्यांना शेजारी बसवलं तर कोणाचं काय जातं?"

"हे कोर्टात टिकणार नाही," भाऊजी म्हणाले.

"कोर्ट कुठाय इथे? व्हरांडा आहे."

मी वहीत सिनेमा मांडला. सुचवणार वहिनी. पाहिलेले पाच, म्हणजे मतदार पाच. भाऊजींनी ताबडतोब आजोबांकडे बोट केलं. "हे मध्यंतरानंतर झोपतात."

आजोबांनी चष्मा काढून पुसला. "पहिल्या कुदळीला दगड लागतो. दुसऱ्या दिवशी सासू येऊन माती परत ढकलते. पाणी लागतं तेव्हा बाईच्या एकाच पायात वहाण असते." एवढं बोलून त्यांनी चष्मा घातला. "दोराच्या पलीकडे इतका आरडाओरडा होता, झोपणार कसा?"

मी हात मोजायला सुरुवात केली. वहिनींचा आधीच वर होता, पुन्हा तसाच, बांगड्या कोपरापर्यंत. चाचांचा. आजोबांचा. माझा. मग आम्ही चौघं भाऊजींकडे बघत बसलो.

"माझी एक अट आहे," भाऊजी म्हणाले. "माझा शेरा नोंदवायचा."

"सांगा."

त्यांनी घसा साफ केला. "विहीर आहे, हे मान्य."

आणि हात वर केला.

ते पान आत्ता समोर आहे. नावाचा रकाना रिकामा. मतं पाच. शेऱ्यात भाऊजींचं वाक्य, त्यांच्याच शब्दांत. बाकी कुठल्याही पानावर पाच नाही. चार आहेत दोन ठिकाणी. 'ग'चं पान उघडून खोडलेला चार पुन्हा लिहू का, असं मी वहिनींना विचारलं होतं. नियम मोडायची माझी तयारी होती. त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. त्यो निम्माच व्हता." आणि सतरंजीवर बसून शेंगा वाटायला लागल्या.

तुमच्या 'एक्स'साठी मी सुचवायला हवं असेल, तर आधी मला सांगा की तुमच्यापैकी कोणी अर्ध्यातून उठून दुसऱ्याच सिनेमात जाऊन बसलं होतं का.

तर 'ळ'च्या दुसऱ्याच दिवशी, रविवारी सकाळी नळ आला तेव्हा मी घागर घेऊन गेले, तर रांगेत पहिली घागर वहिनींची होती. मागे भाऊजींची बादली, आणि बादलीमागे इस्त्रीचा शर्ट घालून भाऊजी, निमूट. कुठल्या तरी लग्नाला निघाले होते. त्यांनी "मला उशीर होतोय" असं म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. वहिनींनी घागर सावकाश भरली. गळ्यापर्यंत भरली. मग नळाखाली ओंजळ धरली, वळल्या आणि ती भरलेली ओंजळ भाऊजींच्या शर्टावर फेकली. थंडीचे दिवस, भाऊजी जागच्या जागी उडालेच.

"दिसली का विहीर, भावजी?"